दोघंच, शिडाची बोट आणि तीन आठवडे नुसता समुद्र : रोजचा दिवस नक्की कसा जातो?

निळी_खिडकी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी आणि नवरा चार वर्षं शिडाची बोट चालवतोय, ३६ फुटी. आत्तापर्यंत किनारा धरूनच, सलग जास्तीत जास्त दोन रात्री. आता अटलांटिक ओलांडायचं ठरतंय, कॅनरी बेटांवरून निघून कॅरिबियनला, म्हणजे साधारण २७०० सागरी मैल. लाइफराफ्ट (बोट बुडाली तर फुगवायचा तराफा), सॅटेलाइट फोन, सेफ्टीचा कोर्स, शिडं दुरुस्त करायचं सामान, हे सगळं झालंय किंवा होतंय. त्यावर माहिती ढिगाने मिळते.

पण मला जे हवंय ते कुणी नीट लिहीतच नाही. रोजचा दिवस कसा असतो? दोघंच असताना झोपायचं कधी आणि कसं? रात्री नवरा खाली झोपलाय आणि मी वर एकटी, सगळीकडे काळोख, तेव्हा काय करायचं? भांडण झालं तर जायचं कुठे, ३६ फुटात? आणि एक गोष्ट जी नवऱ्याशी अजून नीट बोलले नाहीये ती इथे लिहिते. तो लहानपणापासून बोटीवर आहे, मी लग्नानंतर शिकले. बंदरात शिरताना सुकाणू त्याच्या हातात, मी दोरी घेऊन उभी, असंच आजवर चालत आलंय. मला भीती समुद्राची कमी आहे, तीन आठवडे स्वयंपाक आणि सांगेल ती दोरी ओढणं एवढंच माझ्या वाट्याला येईल याची जास्त आहे.

जे प्रत्यक्ष जाऊन आलेत त्यांनी प्लीज खरं खरं लिहा.

मृगाखालचा_पहारा

तुमचा प्रश्न वाचून थांबलोच, कारण शेवटच्या परिच्छेदातला तो नवरा मी आहे. म्हणजे होतो. मी आणि बायकोने तुम्ही म्हणताय तोच रस्ता २३ दिवसांत पार केला, नोव्हेंबरच्या शेवटी निघून. तिला विचारून लिहितोय.

आधी झोपेचं सांगतो, कारण बाकी सगळं, भांडणं, भीती, जेवण, निर्णय, सगळं झोपेवर उभं आहे. लोकांना वाटतं दोघं तीन आठवडे एकत्र म्हणजे एकमेकांचा कंटाळा येईल. उलट होतं. घरी असतो त्यापेक्षा कमी भेटता. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला, एकच बिछाना, तो उठला की त्याच्याच उबेत तुम्ही शिरायचं. दोन वेगळ्या शिफ्टमध्ये काम करणारी माणसं एका खोलीत राहतात ना, तसं. मला पहिल्या आठवड्यात तिची आठवण यायची, ती सहा फुटांवर झोपलेली असताना.

आम्ही सुरुवातीला तीन तास तू, तीन तास मी असं लावलं होतं, सगळे तेच सांगतात म्हणून. आम्हाला ते झेपलं नाही. तीन तासांतला अर्धा तास भिजलेले कपडे काढण्यात, लघवीला जाण्यात, बिछान्यात स्वतःला अडकवण्यात जातो, मग डोळा लागतो आणि दोन सव्वादोन तासांत परत हाक. चौथ्या दिवशी आम्ही दोघंही बधिर होतो. मग बदललं. संध्याकाळी सहाला एकत्र जेवण, सात ते एक ती झोपणार, एक ते सात मी. दिवसा ज्याला हवं त्याने हवं तेव्हा लवंडायचं. सलग साडेपाच तास झोप मिळायला लागली आणि बोटीवरचं हवामानच बदललं. काहींना चार तास जमतात, काहींना तीनच बरे वाटतात, तुमचं तुम्हाला सापडेल, पण चार दिवसांत सापडलं नाही तर हट्टाने तेच ओढत बसू नका. डिसेंबरात तिथे रात्र जवळपास तेरा तासांची असते हे आधी कागदावर मांडून बघा, कारण काळोखाचे तास मोजूनच पहारे लावावे लागतात.

पहिले तीन दिवस तर मोजूच नका. बोट वाऱ्याच्या दिशेने चालते तेव्हा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर अखंड लोळत असते, थांबत नाही, तेवीस दिवस थांबली नाही. पोटात ढवळतं, डोकं जड, बोलावंसं वाटत नाही. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं. त्या दिवसांचं जेवण आधीच करून डब्यात भरून ठेवा आणि त्या दिवसांत एकमेकांच्या बोलण्याचा अर्थ लावू नका. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आणि कुठली गोळी किती झोप आणते हे किनाऱ्यावर असतानाच बघून ठेवा.

आता माझी चूक. पाचवी रात्र, माझा पहारा, मध्यरात्रीच्या सुमारास मागून एक वादळी ढग आला. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात हे ढग रोजचेच, खालून काळाकुट्ट, पंधरा वीस मिनिटांचा खेळ, पण तेवढ्यात १८ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा ३५ होतो आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावर जवळपास चौपट ताण. शीड लहान करायला हवं होतं. नियम ठरलेला होता की रात्री कॉकपिट, म्हणजे मागची सुकाणूपाशी बसायची जागा, सोडून पुढे जायचं तर दुसऱ्याला उठवायचं. मला वाटलं ती बिचारी कशीबशी झोपलीय, मी करतो पटकन. स्वतःला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा अडकवला होता, तो नियम नाही मोडला. डोलकाठीपाशी जाऊन शीड कमी केलं, एक दोरी अडकली म्हणून दहा मिनिटं जास्त लागली.

बोटीचा आवाज बदलला म्हणून तिला जाग आली. ती वर आली आणि तिला कॉकपिट रिकामं दिसलं.

पाऊस इतका होता की पुढचं काही दिसत नव्हतं, हाका मारतेय तर वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. किती वेळ, अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात ती माझ्याशिवाय बोट वळवायची कशी, मी नक्की कुठे पडलो असेन, इथपर्यंत पोचली होती. मी परत आलो तेव्हा ती सुकाणूपाशी होती, हात थरथरत होते, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलली नाही. मी समजत होतो की झोपमोड नको म्हणून मी प्रेमाने केलं. ती म्हणाली, "तू मला झोपू दिलं नाहीस, तू मला वगळलंस."

त्या दिवसापासून तीन गोष्टी पाळल्या. उठवायचं, काहीही असलं तरी, आणि उठवल्याबद्दल माफी मागायची नाही. दिवस मावळायच्या आधी शीड एक टप्पा कमी करायचंच, वेग गेला तरी चालेल. आणि ज्याचा पहारा त्याचा निर्णय. तिच्या पहाऱ्यात ती म्हणेल तसं शीड, ती म्हणेल ती दिशा, मी खालून सूचना द्यायच्या नाहीत. हे तिसरं मला सगळ्यात जड गेलं. मी बिछान्यात पडून शीड फडफडल्याचा आवाज ऐकायचो आणि ओठ दाबून ठेवायचो. पण दहाव्या दिवसानंतर मी ऐकायचंच सोडून दिलं आणि खरी गाढ झोप मला तेव्हा लागायला लागली.

पहारा बदलताना आम्ही पंधरा मिनिटं एकत्र बसायचो. वारा किती, ढग कुठे, कुठलं जहाज दिसलं, बॅटरी किती, कुठली दोरी घासतेय. ते झालं की जाणाऱ्याने येणाऱ्याला विचारायचं, तू कसा आहेस, आणि "ठीक" हे उत्तर चालणार नाही. दिवसभरातलं आमचं खरं बोलणं तेवढंच, पण तसं बोलणं आम्ही घरी वर्षानुवर्षं केलं नव्हतं.

रात्री एकटीने काय करायचं विचारलंत. कामाचं आधी. मोठं जहाज २० नॉटने समोरून येत असेल आणि तुम्ही ६ ने जात असाल तर दर तासाला २६ मैलांनी अंतर मिटतं. त्याचा डोलकाठीवरचा दिवा नियमाप्रमाणे सहा मैलांवरून दिसायला हवा, म्हणजे दिवा दिसल्यापासून तुमच्याकडे चौदा मिनिटं. म्हणून आम्ही दहा मिनिटांचा टायमर गळ्यात अडकवायचो. वाजला की उभं राहून पूर्ण गोल नजर फिरवायची, मग आकडे बघायचे, मग परत लावायचा. एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांचे रेडिओ सिग्नल पकडून त्यांची जागा स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, आहेच, त्यात जहाज आधी दिसतं, पण सगळ्या छोट्या बोटींवर ते नसतं. तेवीस दिवसांत आम्हाला डोळ्यांनी दिसलेली जहाजं चार. तरीही टायमर.

मधल्या वेळात आकाश. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुनेतला उल्कावर्षाव असतो, आम्ही नेमके मधोमध होतो, पाच किलोमीटर खोल पाण्यावर आणि जवळपास एकही दिवा नाही. बायकोने त्या रात्री मोजायचं सोडून दिलं. आणि ध्रुवतारा. तो क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. निघालो तेव्हा २८ अंश. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश भरतात, म्हणजे जवळपास तीन मुठी. रोज रात्री ती मूठ लावून बघायची. पोचलो तेव्हा १४ अंश, दीड मूठ उरली होती. जीपीएसवर आकडा दिसतोच हो, पण एका ताऱ्याला आपण आपल्या चालण्याने खाली आणलं हे हाताने मोजण्यात काय वाटतं ते मला सांगता येत नाही.

उन्हातला_डबा

वरचं वाचून अंगावर काटा आला, रिकाम्या कॉकपिटचं. आमच्याकडेही हाच नियम आहे आणि आता तो का आहे ते कुणी विचारलं तर हे वाचायला देईन.

मी रोजच्या कामांचं लिहिते, कारण निळी_खिडकी, तुमची स्वयंपाकाची भीती मला कळली. आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, एक दिवस आड. ज्याचा स्वयंपाक त्याची भांडी नाहीत. नवऱ्याला तीनच पदार्थ येत होते, पोचेपर्यंत आठ झाले. आणि समुद्रात स्वयंपाक हे हलकं काम नाहीच, बोटीवरचं सगळ्यात धोक्याचं काम कदाचित तेच असेल. शेगडी झुलती असते, ती सरळ राहते आणि तुम्ही डोलता. कमरेला पट्टा लावून ओट्याला टेकायचं, कप अर्धाच भरायचा, आणि उकळतं पाणी असेल तर पावसाळी जाड पँट घालूनच उभं राहायचं, कितीही उकडलं तरी. भाजलं तर डॉक्टर आठवडाभर दूर आहे.

भाज्यांत कोबी, कांदा, बटाटा, भोपळा हे टिकतात. कोबी कापायचा नाही, बाहेरून एकेक पान सोलत जायचं, महिनाभर जातो. अंडी न धुतलेली, फ्रीजमध्ये कधीच न ठेवलेली मिळाली तर बाहेर टिकतात, दर दोन दिवसांनी उलटी करायची. केळी एकदम सगळी पिकतात, पूर्ण घड घेऊ नका. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर आणू नका, त्यात झुरळांची अंडी असतात, सगळं धक्क्यावरच काढून डब्यात भरायचं. दोन आठवड्यांनंतर हिरवं काही उरत नाही तेव्हा कडधान्याला मोड आणायचे, ओल्या फडक्यात, त्या हलत्या बोटीवर काहीतरी उगवतंय हे बघायलाही बरं वाटतं. नवरा रोज सकाळी फडकं उघडून बघायचा, खायला नाही, नुसतं बघायला.

पाणी. पाणी गोडं करायचं मशीन असेल तरी टाकीतलं पाणी असं वापरायचं जणू मशीन आजच बंद पडणार आहे. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं माणशी रोज तीन-चार लिटर धरायचे, त्यात काटकसर नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने. आंघोळ बादलीने, समुद्राचंच पाणी, साधा साबण त्यात फेसच देत नाही, शाम्पू चालतो, आणि शेवटी एक लिटर गोडं पाणी अंगावरून. तो एक लिटर म्हणजे दिवाळी. कारण मीठ अंगावर राहिलं की कपडे कधी वाळतच नाहीत, मीठ हवेतली ओल ओढून घेतं, बसायच्या जागी फोड येतात आणि फोड आले की चिडचिड. आमची अर्धी भांडणं मिठाची होती असं मला आता वाटतं.

रोज उजाडलं की डेकवर एक पूर्ण फेरी. रात्री उडणारे मासे येऊन पडलेले असतात ते परत टाकायचे, मेलेले असतात बहुतेक. पण फेरी माशांसाठी नसते. एखादा नट, एखादी पिन, दोरीचा धागा पडलेला दिसला तर तो कुठून आला ते सापडेपर्यंत चहा नाही. वाऱ्याच्या दिशेने तीन आठवडे एकाच अंगाने चाललं की दोरी एकाच जागी घासत राहते. रोज हातभर सरकवायची म्हणजे घासायची जागा बदलते. शिडाखालचा आडवा दांडा चुकून एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आपटू नये म्हणून जी दोरी बांधतो तिच्यावर माझं रोज लक्ष असायचं, ती तुटली आणि तेव्हा कुणी उभं असेल तर डोकं फुटतं.

कचरा पण सांगते. प्लॅस्टिक समुद्रात कुठेच टाकायचं नाही, हजार मैल आत असलात तरी, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आम्ही समुद्राच्या पाण्याने धुवून, कात्रीने बारीक कापून बाटल्यांत दाबून भरायचो. तीन आठवड्यांचा कचरा दोन बाटल्यांत आला.

भांडण झालं तर जायचं कुठे. बोट चालत असताना पुढची केबिन इतकी उसळते की तिथे थांबता येत नाही, म्हणजे खरोखर जागा नाही. आम्ही एक खूण ठेवली होती, लाल टोपी. टोपी डोक्यावर असली की मला एकटं असायचंय, याचा अर्थ राग नाही. पहिल्यांदा बालिश वाटलं, मग रोज लागायला लागली. राग वेगळा आणि एकटेपणाची भूक वेगळी हे मला तिथे कळलं. बोलायला विषय संपतात का, हो, आठव्या-नवव्या दिवशी संपले. मग आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, दुपारी चार वाजता, एकच जाड पुस्तक. कथेतल्या माणसांवरून मग बोलायला लागलो.

इंटरनेट हल्ली बोटीवरही पोचलंय, सॅटेलाइटचं. हवामानासाठी उत्तमच. पण दोघं दोन स्क्रीनमध्ये बसलो की पहारा बदलतानाची ती पंधरा मिनिटं पण जातात. आम्ही दिवसातून एकच तास चालू ठेवायचो, वीजही वाचते.

तिसरा_हात

मी थोडं वेगळं मत मांडतो, कुणाला घाबरवायचा उद्देश नाही.

आम्ही दोघंच निघालो होतो, तोच रस्ता. तिसऱ्या दिवशी ऑटोपायलट बंद पडला. कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, कुठलाही पडू शकतो. आता दोघांच्या बोटीवर ऑटोपायलट म्हणजे तिसरा माणूस असतो, तो गेला की पहारा हा शब्द बदलतो. आधी बघत बसायचं असतं, आता हाताने सुकाणू धरायचं, मागून लाटा, रात्री होकायंत्राच्या लाल उजेडात डोळे लावून, दोन तासांवर डोकं चालत नाही. परत फिरावं तर वारा तोंडावर, म्हणून केप व्हर्डकडे, आफ्रिकेच्या पश्चिमेच्या बेटांकडे, वळलो, पाचशे मैल, चार दिवस. दोन तास तू, दोन तास मी. तिसऱ्या रात्री मला पाण्याच्या आवाजात माणसं बोलताना ऐकू येत होती, अगदी स्पष्ट, शब्द लागत नव्हते पण सूर घरच्यांचा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मला कालपासून येतायत. झोप तुटली की असं होतं, वेड नाही. पण त्या अवस्थेत दिव्यांवरून जहाजाची दिशा ओळखायची होती.

तिथे पोचून दोन गोष्टी केल्या. मागे वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र बसवून घेतलं, त्याला वीज लागत नाही, फक्त वारा, आणि ऑटोपायलट दुरुस्त करून तो पण ठेवला. आणि एका मैत्रिणीला बोलावलं. तिघांत चोवीस तास वाटले की आठ तास पहारा आणि सोळा तास मोकळे. पुढचे २१०० मैल म्हणजे सुट्टी वाटली. काही विमा कंपन्या महासागर ओलांडायला तीन माणसं मागतात, त्याला कारण आहे.

तिसऱ्या माणसाचा त्रास नाही असं नाही, दोघांचं म्हणून जे काही असतं ते बंद होतं, भांडण पण हळू आवाजात करावं लागतं. ते तुम्ही ठरवा. पण दोघंच जाणार असाल तर सुकाणू धरणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा हव्यात, एक विजेवर आणि एक वाऱ्यावर. यावर मी तडजोड करणार नाही.

जुनी_नोंदवही

दोघांनीच जाण्यात नवं काही नाही हे सांगायला आलो. एरिक आणि सुझन हिसकॉक हे जोडपं १९५२ ते १९५५ मध्ये ३० फुटी बोटीतून जग फिरून आलं. लिन आणि लॅरी पार्डी यांची पहिली बोट तर २४ फुटांची आणि इंजिनच नाही. आजची ३६ फुटी बोट त्यांना बंगला वाटली असती.

आणि मॉरिस व मॅरलिन बेली. १९७३ मध्ये पॅसिफिकमध्ये देवमाशाच्या धडकेने त्यांची बोट बुडाली आणि दोघं जवळजवळ चार महिने राफ्टवर होते, सेफ्टी पिनांचे गळ करून मासे धरायचे, शेवटी कोरियाच्या मासेमारी जहाजाने उचललं. बोट आणि होकायंत्र मॉरिसच्या हातात असायचं, पण राफ्टवर तो खचला आणि मॅरलिनने त्याला टिकवलं. कप्तान कोण हा प्रश्न मी यांच्यानंतर वेगळ्या तऱ्हेने बघतो.

निळी_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं आणि मग नवऱ्याला वाचायला दिलं, मी काही न बोलता. तो मृगाखालचा_पहारा यांच्या प्रतिसादापाशी बराच वेळ थांबला. नंतर म्हणाला, आपण बंदरात शिरताना तू सुकाणू घे या वेळी. एवढंच म्हणाला. मला रडू आलं.

दोन प्रश्न राहिले. तुमच्या बायकोला आधीपासून सगळं येत होतं की तिथेच शिकली? आणि तो पाण्यात पडला तर, हा विचार मला झोपू देत नाही, त्याचं काय करता?

मृगाखालचा_पहारा

तिला येत होतं, मी करू देत नव्हतो. तिनेच हे असं लिही म्हणून सांगितलं.

निघायच्या आधी आम्ही करायला हवं होतं आणि केलं नाही ते सांगतो. तीन-चार रात्रींची एक फेरी करा जिच्यात कप्तान तुम्ही. हवामान तुम्ही बघायचं, निघायची वेळ तुम्ही ठरवायची, शीड कधी कमी करायचं ते तुम्ही, बंदरात तुम्ही शिरवायची. त्याने विचारलं तरच बोलायचं, आणि त्याच्यासाठी ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे. दोन रात्रींत खरी थकवणूक येत नाही, ती तिसऱ्या रात्री येते, म्हणून तीन-चार.

पाण्यात पडण्याचं. दोघांच्या बोटीवर एक पडला की एकच उरतो, त्याने बोट थांबवायची, वळवायची, नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही आणि शेवटी भिजलेलं अख्खं माणूस एकट्याने वर ओढायचं. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. शिडाच्या दोरीला कप्पी लावून, चाकावर गुंडाळून ओढायची जी काही पद्धत तुमच्या बोटीवर जमेल ती शांत पाण्यात, उन्हाळ्यात, खरा नवरा पाण्यात उतरवून करून बघा. तो मदत करणार नाही, हात सैल सोडून राहील असं सांगा. मग जागा बदला. आमच्याकडे पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली आणि त्यानंतर पट्टा अडकवायची आठवण कुणी कुणाला करून द्यावी लागली नाही. पट्टा आखूड ठेवा, इतका की कठड्यावरून पलीकडे जाताच येणार नाही. रात्री कॉकपिटमध्ये पाय ठेवायच्या आधी, आतल्या पायरीवर उभं असतानाच अडकवायचा. आणि लघवीला कठड्यावर उभं राहायचं नाही, खाली जायचं, हे नवऱ्याला माझ्यातर्फे सांगा.

अंगावरच्या जॅकेटमध्ये छोटा एआयएस बीकन असतो, पडल्यावर तो तुमच्या स्क्रीनवर दिसतो, तो दोघांना घ्या. बोटीचा संकटाची हाक देणारा मोठा बीकन ४०६ मेगाहर्ट्झचा, त्याचा सिग्नल उपग्रहावरून बचाव केंद्राला जातो, पण मध्यावर हेलिकॉप्टर पोचत नाही, जवळचं एखादं मालवाहू जहाज वळवतात आणि त्याला वेळ लागतो. म्हणून पडायचंच नाही, यावर सगळी ताकद लावायची.

झोपू न देणाऱ्या विचारावर बायको म्हणते, तो विचार तिला आजही येतो. आम्ही पुढच्या वर्षी परत निघतोय. या वेळी नकाशा तिच्या टेबलावर आहे.

उन्हातला_डबा

घड्याळाचं एक राहिलं, लहान आहे पण भांडण वाचेल. पश्चिमेला जाताना दर १५ अंशांना एक तास मागे येतो, या रस्त्यावर एकूण तीन तास. बोटीवरचं घड्याळ मागे घेतलं की तो जास्तीचा तास कुणाच्या तरी पहाऱ्यात पडतो. आम्ही अर्धा अर्धा वाटून घ्यायचो, तीस मिनिटं तू, तीस मी. आणि त्या संध्याकाळी जे काही गोड शिल्लक असेल ते काढायचं.

निळी_खिडकी

लिहून घेतलं. चार रात्रींची फेरी ठरली, निघायची तारीख मी ठरवणार आहे, हवामान बघून. लाल टोपी घेतलीय. टायमर पण घेतला, गळ्यात अडकवायचा.

मृगाखालचा_पहारा

टायमर दोन घ्या. मीठ शिरून एक जातोच, आमचा नवव्या रात्री गेला.